आधी दिवा, मग दिवाण

नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली की घरधन्याला पहिला अवघड प्रश्न इलेक्ट्रिशियन विचारतो. उघड्या भिंतीवर पेन्सिल टेकवून तो म्हणतो, ‘साहेब, पॉइंट कुठं काढू?’ घरात तेव्हा सोफा नसतो, टेबल नसतं, पडद्याचा रॉडही नसतो. मग हवेत हात फिरवून उत्तर दिलं जातं. इथं टीव्ही येईल, म्हणजे समोर सोफा, मधे पंखा, आणि ट्यूब त्या भिंतीवर. कटर फिरतो, भिंतीत खाचा पडतात, पाइप गाडले जातात, वरून प्लास्टर बसतं. पुढची पंधरा-वीस वर्षं या घरातलं माणूस कुठं वाचणार, भाजी कुठं निवडणार, पाहुण्याच्या डोळ्यांवर दिवा येणार की पाठीवर, हे सगळं त्या दहा मिनिटांत ठरून गेलेलं असतं.

सोफा मात्र रविवारमागून रविवार पालथे घालून निवडला जातो. कापडाचे नमुने घरी येतात, सासूबाईंचं मत घेतलं जातं, मेव्हण्याच्या ओळखीनं भाव पाडला जातो. आणि तो देखणा सोफा शेवटी अशा जागी जातो, जिथं संध्याकाळी सात वाजता पेपर वाचायचा तर मान वाकडी करून ट्यूबकडे पाठ करावी लागते. घर ‘मॉडर्न’ करायला निघालेल्या बहुतेक मराठी घरांत हा क्रम असाच उलटा लागलेला दिसतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की दिवे आणि फर्निचर हा एकच निर्णय आहे. तो एका बैठकीत व्हायला हवा, आणि दोघांतल्या एकाला आधीचा मान द्यायचाच तर तो दिव्याला द्यावा.

दिव्यांचा बाजार मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला लागून असलेल्या लोहार चाळीत आहे, पुण्यात तापकीर गल्लीत. दोन्हीकडची दुकानं अरुंद आणि खोल, आणि छतापासून काउंटरपर्यंत दिवेच दिवे, सगळे एकाच वेळी पेटलेले. अशा ठिकाणी एकाही दिव्याची पारख होणं शक्य नसतं. दोनशे दिव्यांच्या उजेडात उभं राहून दोनशे एकावा कसा दिसतो हे डोळा सांगूच शकत नाही. चांगला दुकानदार हे जाणतो. गिऱ्हाईक खरं आहे असं वाटलं की तो मागच्या खोलीत नेतो, बाकीचे बंद करतो आणि एकच लावून दाखवतो. तो स्वतःहून करत नसेल तर सांगावं. कुणी रागावत नाही.

काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘किती वॅट?’ हा प्रश्न आता निरुपयोगी झाला आहे. दिवा किती वीज खातो ते वॅट सांगतो. उजेड किती देतो ते लुमेन सांगतं. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब साधारण तेराशे-चौदाशे लुमेन द्यायचा. आज नऊ वॅटचा बरा एलईडी नऊशेच्या आसपास देतो. खोक्यावर लुमेनचा आकडा छापलेला असतो, पण तो वाचणारं गिऱ्हाईक दुर्मीळ.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो, ‘व्हाइट देऊ की वॉर्म?’ आणि इथं आपल्याकडची दहांतली आठ घरं क्षणाचाही विचार न करता ‘व्हाइट’ म्हणतात. खोक्यावरच्या भाषेत तो ६५०० केल्विन, म्हणजे ढगाळ दुपारच्या आकाशासारखा निळसर पांढरा. वॉर्म म्हणजे २७०० ते ३०००, जुन्या बल्बच्या रंगाचा. मधला ४००० नावाचा एक फार शहाणा प्रकार आहे, त्याला कुणी विचारत नाही.

व्हाइटच्या या ओढीमागे इतिहास आहे, त्याला अडाणीपणा म्हणून मोडीत काढू नये. ज्या पिढीनं व्होल्टेज पडल्यावर तांबूस होत जाणारा बल्ब पाहिला, लोडशेडिंगमध्ये मेणबत्तीवर अभ्यास केला, तिच्यासाठी लख्ख पांढरी ट्यूब ही घराची प्रगती होती. पिवळा उजेड म्हणजे गरिबी, नाहीतर गोठा. त्यात सरकारी ‘उजाला’ योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली आणि तिच्यातून छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब देशभर वाटले गेले. २०१४ च्या सुमारास तीनशे रुपयांच्या वर असलेली सरकारी खरेदीची किंमत दोनेक वर्षांत चाळिशीच्या आत आली. विजेच्या बिलासाठी ही क्रांतीच होती. तिच्याबरोबर पांढरा उजेडही घराघरांत पक्का झाला, तो झोपायच्या खोलीतसुद्धा.

आता या पांढऱ्या उजेडाचा फर्निचरशी संबंध पाहा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या प्रकाशाचा एलईडी घडवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप दिला की डोळ्याला पांढरा प्रकाश दिसतो. पण स्वस्त दिव्यात या मिश्रणात लाल रंगाचा वाटा तुटपुंजा राहतो. रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी गुण असतो, त्याला सीआरआय म्हणतात. ऐंशीचा दिवा चालतो, नव्वदचा चांगला. हे गुण कमी असले की पैठणीचा लाल विटका दिसतो, सोलकढी मातकट दिसते आणि सागवानाचा मधासारखा रंग राखेकडे झुकतो. शोरूममधलं टेबल तिथं इतकं उबदार दिसलं आणि घरी आल्यावर मेलं, याचं कारण बहुतेक वेळा टेबलात नसतंच. शोरूमवाल्यानं ३००० केल्विनचे, नव्वदच्या वरचे स्पॉट लावलेले असतात. म्हणून व्हिनियरचा किंवा लॅमिनेटचा हातभर तुकडा घरी आणावा आणि रात्री, आपल्या दिव्याखाली बघून मग होकार द्यावा. दिवे अजून घेतलेच नसतील तर? तेच तर म्हणतो आहे.

*

डेन्मार्कमध्ये पाउल हेनिंगसेन नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. जन्म १८९४. वास्तुकार होता, लेखक होता आणि बराच भांडकुदळ होता. विजेचा दिवा घराघरांत आला तेव्हा त्याला दिसलं, की लोकांनी उजेड वाढवला आणि डोळ्यांचं सुख घालवलं. उघडा बल्ब डोळ्यांत घुसतो. बुबुळ आकसतं, आणि मग सगळी खोली होती त्यापेक्षा अंधारी वाटते. १९२० च्या दशकात त्यानं एकाखाली एक अशा तीन छत्र्यांचा दिवा बांधला. छत्र्यांचे वळसे गणितानं काढलेले, असे, की कुठूनही पाहिलं तरी बल्ब दिसू नये आणि उजेड मात्र परावर्तित होऊन टेबलावर मऊ पडावा. त्याचा १९५८ चा पीएच-५ अजूनही बनतो आणि अजूनही जेवणाच्या टेबलावर टांगला जातो. त्यातला ५ म्हणजे मोठ्या छत्रीचा पन्नास सेंटिमीटर व्यास.

त्याचा धडा साधा आहे, की दिवा दिसू नये, उजेड दिसावा. हा धडा आपल्या फॉल्स सीलिंगनं पार उधळून लावला. गेल्या वीस वर्षांत मध्यमवर्गीय हॉलचा जो ठरावीक साचा झाला आहे तो असा: पीओपीची किंवा जिप्सम बोर्डाची चौकट, कडेनं कोव्हमध्ये लपवलेली पट्टी, आणि मधे आठ-दहा गोल सीओबी दिवे. कोव्हचा उजेड छतावरून परतून येतो, तो चांगला. पण हे गोल दिवे म्हणजे थेट खाली रोखलेले टॉर्च. सोफ्यावर जरा आडवं व्हावं तर चार टॉर्च डोळ्यांत. त्यांच्यामुळे माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायका थकलेल्या दिसतात. सीओबी हवेच असतील तर खोलगट, काळ्या किंवा मॅट आतल्या कडेचे घ्यावेत, आणि माणसांच्या डोक्यावर न लावता भिंतीपासून फूट-दीड फुटावर लावावेत. उजेड भिंतीवरून सरकत खाली येतो, खोली रुंद वाटते. शिवाय साडेनऊ फुटांच्या छतातून अर्धा फूट फॉल्स सीलिंगला देणं ही चैन आहे. छोट्या हॉलमध्ये ती मला तरी परवडण्यासारखी वाटत नाही.

आणि पंखा! युरोपात दिवे घडवणाऱ्या थोरांपैकी कुणालाही छताच्या पंख्याचा विचार करावा लागला नाही. आपल्याला मात्र नऊ महिने त्याशिवाय चालत नाही. पंख्याच्या पात्याच्या वर दिवा आला की प्रत्येक फेऱ्याला उजेड कापला जातो आणि खोलीभर थरथर सुरू होते. डोकं दुखतं, कारण कळत नाही. जेवणाच्या टेबलावर हौसेनं टांगलेला पेंडंट पंखा लावताच झोके घ्यायला लागतो. यावरचे उपाय तीन. टेबलाजवळ पंखा भिंतीवर न्यायचा. पेंडंटला वायरऐवजी कडक दांडी घ्यायची. किंवा टेबल भिंतीला लावून दिवाही भिंतीतूनच काढायचा. पेंडंट लावलाच तर तो टेबलाच्या पृष्ठभागापासून अडीच फुटांवर असावा. बहुतेक घरांत तो तिथून दीड फूट वर, छताशी गुजगोष्टी करत असतो.

छताला हात न लावता टेबलावर दिवा आणायची सर्वांत देखणी युक्ती इटलीतल्या कास्तिल्योनी बंधूंनी १९६२ मध्ये काढली. ‘आर्को’ नावाचा तो दिवा जमिनीवर उभा राहतो आणि कमानीसारखा पुढे झुकून टेबलावर येतो. तोल राहावा म्हणून पायाशी करारा संगमरवराचा साठ-पासष्ट किलोंचा ठोकळा आहे, आणि त्या ठोकळ्याला एक भोक. त्या भोकात झाडूचा दांडा घालून दोन माणसांनी तो उचलायचा. आपल्या बाजारात याच्या नकला ढीगभर मिळतात, पण बऱ्याच जणांनी ठोकळा हलका केलेला असतो. अशा दिव्याला लहान मूल लोंबकळलं की पुढचं सांगायला नको. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मात्र या कल्पनेवर खुशाल डोळा ठेवावा. उभा दिवा घर बदलताना बरोबर येतो. फॉल्स सीलिंग घरमालकाला राहतं.

उभ्या आणि बैठ्या दिव्यांबद्दल आपल्या मनात एक अढी आहे, की ते हॉटेलात शोभतात. पण जुन्या घराकडे पाहिलं तर उजेड खालीच असायचा. माणसं पाटावर, चौरंगासमोर, गादी-लोडाला टेकून बसत. समई आणि कंदील त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, कधी त्याहूनही खाली. कोनाड्यातला दिवाही हाताला येईल असा. माणूस खुर्चीवर गेला तो दीड फूट वर. दिवा गेला थेट आठ फुटांवर. मधल्या साडेसहा फुटांचा हिशेब कुणी केलाच नाही. बसलेल्या माणसाच्या खांद्यामागून, चार-साडेचार फुटांवरून येणारा २७०० केल्विनचा एक दिवा छताच्या आठ दिव्यांचं काम संध्याकाळी एकटा करतो.

स्वयंपाकघराचा न्याय वेगळा. तिथं भरपूर आणि खरा उजेड हवा, ४००० केल्विन, चांगल्या सीआरआयचा. पण पाठीमागच्या भिंतीवर ट्यूब लावली तर ओट्यावर स्वतःचीच सावली पडते आणि बाई आयुष्यभर आपल्या सावलीत भाजी चिरते. वरच्या कपाटांच्या खालून, पुढच्या कडेला एक पट्टी लावली की काम झालं. खर्च फारसा नाही, पण तिचा पॉइंट टाइल्स बसायच्या आधी काढावा लागतो. आरशाचंही तेच. दिवा आरशाच्या वर नको, दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर. आणि झोपायच्या खोलीत दाराशी एक व उशाशी एक असं टू-वे बटण नसेल, तर त्या घराला कुणी कितीही स्टायलिश म्हणो, रात्री उठून बटणापर्यंत चालत जाणाऱ्याचं मत वेगळं असणार.

*

फर्निचर ही आपल्याकडची तशी नवी गोष्ट. वाड्यातलं सामान भिंतीत असे. फडताळ, कोनाडे, खुंट्या. मोकळ्या जागेत फार तर माजघरातला किंवा ओटीवरचा झोपाळा, एखादा पलंग, चौरंग. बैठक रात्री गुंडाळून ठेवता येई. जागा दिवसातून चार वेळा काम बदलत असे. हे आज जपानचं म्हणून कौतुकानं सांगितलं जातं.

खुर्ची शहरात रुजली ती कचेरीतून आणि इराण्याच्या हॉटेलातून. संगमरवरी टेबलाभोवतीच्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्यांचं मूळ कुळ व्हिएन्नाच्या थोनेटचं. त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा संसार. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून त्या बोटीनं जगभर गेल्या. स्वीडनच्या आयकियानं १९५६ मध्ये गाडीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढले आणि सुट्या सामानाचा धंदा उभा केला, असं सांगतात. युक्ती जवळपास शंभर वर्षं जुनी होती. तो आयकिया २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला आला. तिथं रविवारी गेलं तर माणसं खरेदीपेक्षा मांडून ठेवलेल्या खोल्यांतून फिरायला आलेली जास्त दिसतात.

तेही नवं नाही. १९३७ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आज जिथं एशियाटिक सोसायटी आहे तिथं, ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरलं होतं. भरवलं होतं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या कडेनं आर्ट डेकोच्या इमारती उठत होत्या आणि त्या फ्लॅटमध्ये राहायचं कसं, हे लोकांना दाखवायचं होतं. सजवलेल्या खोल्या, नव्या पद्धतीचं स्वयंपाकघर, गोलसर कडांचं फर्निचर. फ्लॅट नावाच्या गोष्टीत वाड्याचं सामान मावत नाही, हे त्या पिढीला पहिल्यांदा कळलं. मध्यमवर्गानं त्यातलं परवडेल ते उचललं. बाकी घराचा आधार झालं लोखंडी कपाट. गोदरेजनं ते १९२३ पासून बनवायला घेतलं आणि ते लग्नात मुलीबरोबर जाऊ लागलं. आजही अनेक ‘मिनिमल’ घरांत आतल्या खोलीचं दार उघडलं की ते उभं असतं, आणि ते तिथं असणं मला अजिबात खटकत नाही. वाळवी त्याला खात नाही, पावसाळ्यात ते फुगत नाही.

सध्याची लाट चंडीगढ खुर्चीची आहे. इंग्रजी व्ही उलटा केल्यासारखे सागवानी पाय, पाठीला-बैठकीला वेताची जाळी. पिएर जानरे, ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ, १९५१ ला चंडीगढला आला आणि १९६५ पर्यंत राहिला. नव्या राजधानीच्या कचेऱ्यांना, कॉलेजांना आणि घरांना हजारोंनी खुर्च्या-टेबलं लागत होती. त्यानं आणि युली चौधरी यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी आराखडे केले, स्थानिक सुतारांनी ते इथल्या सागात घडवले. पुढे त्या मोडक्या म्हणून गच्चीवर टाकल्या गेल्या, भंगारात विकल्या गेल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावात पोचल्या. २०११ मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंधनं घालावी लागली. आता नक्कल प्रत्येक ऑनलाइन दुकानात आहे.

नक्कल घ्यावी का? घ्यावी, पण फोटोसाठी नव्हे. ती खुर्ची आपल्या हवेची आहे. वेताच्या जाळीतून वारा खेळतो, पाठ घामेजत नाही, वजन हाताला पेलतं. जाळी सैल पडली तर पुन्हा विणता येते. अनेक शहरांत हे काम अंध कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मेच्या दुपारी एसी बंद झाल्यावर रेक्झिनच्या सोफ्यावरून उठणारी माणसं बघितली, की जानरेचं काय कौतुक ते आपोआप कळतं. नक्कल घेताना एवढंच पाहावं, की पाय आणि हात जिथं मिळतात तिथं सांधा लाकडात लाकूड घुसवून केला आहे की नुसता स्क्रू पिळला आहे.

*

मिस्त्रीकडून करून घ्यायचं की तयार घ्यायचं, हा प्रत्येक घरातला वाद. मिस्त्री इंचात आणि सुतात बोलतो. एका इंचाची आठ सुतं. सहा सुती म्हणजे आपली पाऊण इंची, अठरा-एकोणीस मिलिमीटरची प्लाय. त्याचं बळ हे, की तो तुमच्या वाकड्या भिंतीला बसेल असं कपाट करतो. तयार मालाचं बळ हे, की त्याच्या कडा मशीनवर बंद झालेल्या असतात आणि धूळ तुमच्या घरात उडत नाही. माझं मत विचाराल तर भिंतीला चिकटणारं सगळं मिस्त्रीकडून, आणि जमिनीवर मोकळं उभं राहणारं सगळं तयार. खुर्ची घडवणं ही वेगळी विद्या आहे. उत्तम कपाट करणाऱ्या मिस्त्रीनं केलेल्या खुर्चीत बसवतच नाही.

प्लाय घेताना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये, तो कशावरही छापता येतो. आयएस ३०३ च्या शिक्क्याची बीडब्ल्यूआर प्लाय हॉल-बेडरूमला पुरते. ओट्याखाली, बेसिनखाली, मोरीच्या भिंतीला लागून आयएस ७१० ची मरीन घ्यावी. शिक्क्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो मानक ब्यूरोच्या मोबाइल अॅपवर तपासता येतो. हे करायला दोन मिनिटं लागतात आणि दुकानदाराचा सूर एकदम बदलतो. एमडीएफ रंगकामाला आणि कोरीव दारांना छान, पाण्याला भित्रं. पार्टिकल बोर्ड सर्वांत स्वस्त, पण त्यातून एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. दर दोन-तीन वर्षांनी भाड्याचं घर बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण त्यांच्याच माथी तो जास्त मारला जातो. आणि नव्या कपाटाचा डोळ्यांना झोंबणारा वास हा नवेपणाचा नसतो, डिंकातल्या फॉर्मल्डिहाइडचा असतो. ई-१ किंवा ई-० लिहिलेला बोर्ड मागावा.

मुंबई-कोकणच्या पावसात आणखी एक पथ्य. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून बसवलं की जुलैत मागची प्लाय काळी पडते आणि साड्यांना बुरशीचा वास येतो. अर्धा-एक इंच जागा सोडावी, किंवा ती भिंत मोकळीच ठेवून कपाट आतल्या भिंतीवर न्यावं.

सागवानाची हौस असेल तर जुनं शोधावं. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये, मुंबईत ओशिवरा-जोगेश्वरीच्या बाजारात पाडलेल्या घरांचं लाकूड येतं. कडीपाटाच्या तुळया, खांब, दरवाज्यांच्या चौकटी. हे लाकूड कैक वर्षं वाळलेलं असतं, आता आणखी आकसायचं राहिलेलं नसतं. खिळे असतात, त्यामुळे मिस्त्री आधी नाक मुरडतो. त्याच्या करवतीच्या पात्याचे पैसे देऊ केले की तयार होतो.

*

सोफ्याबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या घरातली सर्वांत महाग चूक तोच असतो. शोरूममध्ये माणूस सोफ्यावर बसतो ते पाय खाली सोडून, बूट घालून, विक्रेत्यासमोर. घरी तो मांडी घालून बसतो. मांडी घालायला बैठकीची खोली कमीत कमी बावीस-चोवीस इंच लागते. पण आजी-आजोबांना तेवढ्या खोल आणि मऊ सोफ्यातून उठवत नाही. त्यांना सतरा-अठरा इंच उंच, कडक, हात असलेली बैठक हवी. एकच सोफा दोघांना कधीच पुरत नाही. म्हणून पाच जणांचा एल आकाराचा सेट घेण्यापेक्षा एक खोल सोफा, दोन सरळ हाताच्या खुर्च्या आणि एक बुटका दिवाण हे जास्त शहाणपणाचं. दिवाणावर दुपारी आडवं होता येतं, रात्री पाहुणा झोपतो, आणि गणपतीत तो आतल्या खोलीत सरकवून मखराला जागा करता येते. एल सोफा सरकत नाही. गणपतीलाच कोपऱ्यात बसावं लागतं.

विकत घेण्याआधी लिफ्टचं दार, लिफ्टची तिरकी लांबी आणि जिन्याचं वळण मोजावं. सात फुटी सोफा सातव्या मजल्यावर जिन्यानं न्यायचा दर हमाल जागेवर ठरवतात, आणि तेव्हा घासाघीस करायची ताकद तुमच्याकडे नसते.

पाय असलेलं फर्निचर जागा मोठी दाखवतं, कारण खालची फरशी दिसत राहते. शिवाय केर निघतो. पण आपल्याकडे गोधड्या, पाहुण्यांच्या गाद्या, तांब्या-पितळेची भांडी आणि कुणालाही फेकवत नसलेलं बरंच काही असतं. परदेशी मासिकातली रिकामी खोली रिकामी दिसते ती त्यांच्याकडे तळघर असतं म्हणून. आपल्याकडे उपाय एकच दिसतो: एका खोलीची एक भिंत जमिनीपासून छतापर्यंत कपाटांना देऊन टाकावी, तिथं घराचं सगळं पाप झाकावं, आणि बाकीच्या खोल्या सुटवंग ठेवाव्यात. प्रत्येक खोलीत थोडंथोडं स्टोरेज काढत गेलं की सगळंच घर गोदाम होतं.

आता हे सगळं इलेक्ट्रिशियन यायच्या आधी कसं ठरवायचं? रद्दीचे पेपर घ्यावेत. सोफ्याच्या, टेबलाच्या, पलंगाच्या मापाचे तुकडे चिकटवून ते रिकाम्या फरशीवर अंथरावेत आणि त्यांच्यामधून चालून पाहावं. चालायला अडीच फूट उरत नसतील तर सोफा लहान करावा. मग सूर्य मावळल्यावर, तात्पुरत्या कनेक्शनवर, पाच-सहा मीटर वायरला एक होल्डर लावून नऊ वॅटचा वॉर्म बल्ब घेऊन घरात फिरावं. एकानं पेपरच्या सोफ्यावर पुस्तक घेऊन बसावं, दुसऱ्यानं बल्ब खांद्यामागे, भिंतीशी, टेबलाच्या वर धरावा. जिथं ‘हां, इथं!’ असं निघतं तिथं खडूनं फुली. शेजारी हसतील. नवरा-बायकोचं एक भांडणही होईल, ते तेव्हाच झालेलं बरं. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला त्या फुल्या दाखवायच्या. प्रत्येक बसायच्या जागेजवळ जमिनीपासून फूटभर उंचीवर एक प्लग त्याच्याकडून ज्यादा काढून घ्यायचा, म्हणजे उभ्या दिव्याची वायर पुढे हॉलभर लोळत नाही.

पैशाचं गणित याच्यावरूनच लागतं. पंखे, दिवे, बटणं, बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या पट्ट्या यांत काटकसर करू नये. रोज हात लागतो तो याच वस्तूंना. काटकसर करायची तर फॉल्स सीलिंगमध्ये, टीव्हीमागच्या सजवलेल्या पॅनेलमध्ये आणि सेंटर टेबलात करावी. सेंटर टेबल हे मुळात नडगीला लागण्यासाठीच असतं. पहिल्या वर्षी घर अर्धंच भरावं. दिवाळीला चार पाहुणे येऊन गेले की कुणाला कुठं बसायला आवडतं आणि कुठली खुर्ची कायम रिकामी राहते ते कळतं.

शेवटची एक गोष्ट दिव्याच्या दुकानातच विचारून घ्यायची, ‘हा गेला तर काय करायचं?’ हल्ली पुष्कळ दिव्यांत एलईडी आतच जडवलेला असतो. तो गेला की अख्खा दिवा टाकून द्यावा लागतो. होल्डरचा दिवा असेल तर बल्ब बदलला की झालं. आपला जुना दोन खिळ्यांचा बी-२२ आणि परदेशी पेचाचा ई-२७ दोन्ही आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. छतात एलईडीची पट्टी लावली असेल तर दगा देतो तो बहुधा तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर, पट्टी नव्हे. तो ड्रायव्हर हात पोचेल अशा ठिकाणी, कपाटाच्या माथ्यावर किंवा झाकणाच्या आड बसवायला सांगावा. आणि प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीशेजारी मोजमापाची टेप उभी धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. कुठली वायर कुठून गेली आहे हे सांगणारा इलेक्ट्रिशियन तीन वर्षांनी फोन उचलत नाही, आणि ड्रिल घेऊन भिंतीसमोर तुम्हीच उभे असता.